१३-०-४५ चा मेल्टिंग पॉइंट ३३४ अंश. मग शेडमधल्या गोणीची काळजी कशाला?

मे महिन्याची दुपार. संगमनेर तालुक्यातल्या कुठल्याही डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या मळ्यावर जा. ठिबकच्या फिल्टरजवळ पत्र्याची एक छोटी शेड दिसेल. आत विद्राव्य खतांच्या गोण्या, डिझेलचा कॅन, फवारणीचा पंप, कडब्याच्या चार पेंढ्या आणि कोपऱ्यात वेल्डिंगचं सामान. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, पत्र्याखाली त्याहूनही जास्त.

समजा, घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, हे १३-०-४५ एवढ्या उन्हात पेट तर नाही ना घेणार?" काकांच्या आधी चुलतभावाने मोबाईल काढला. पोटॅशियम नायट्रेटचा मेल्टिंग पॉइंट सर्च केला आणि पाच सेकंदांत निकाल दिला : "३३४ अंश सेल्सिअस! बिनधास्त राहा."

आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धवट आहे. आणि शेडच्या बाबतीत अर्धवट निष्कर्ष महागात पडू शकतो. हा ३३४ चा आकडा लॅबमध्ये कसा काढतात, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आज समजून घेऊ. शेवटी मोबाईलवर तीन मिनिटांत स्वतः कसं तपासायचं तेही बघू.

आधी स्वयंपाकघरातले दोन क्षार

शाळेत आपण 'द्रवणांक' शिकलो. घन पदार्थाचा द्रव होतो ते तापमान. बर्फाचं शून्य, मेणाचं साठीच्या आसपास. पण असेंद्रिय क्षार, म्हणजे मीठ, तुरटी, नायट्रेट, सल्फेट ही मंडळी इतकी सरळ वागत नाहीत.

मीठ घ्या. दृष्ट काढून मीठ-मोहरी चुलीत टाकली की तडतडते. मीठ वितळतं का? नाही. साध्या मिठाचा द्रवणांक ८०१ अंश आहे, चुलीच्या कडेला तेवढी उष्णता नसते. मिठाच्या खड्यात अडकलेलं थोडं पाणी वाफ होऊन खडा फोडतं, त्याचा तो आवाज.

आता तुरटी. आजी तव्यावर तुरटीची लाही करते, ते आठवा. तुरटी आधी पातळ होते, मग बुडबुडे येतात, शेवटी पांढरी, हलकी, फुगलेली लाही उरते. पातळ झाली ते साधारण ९२ अंशांवर. पण ते खरं वितळणं नव्हे. तुरटीच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं, तापल्यावर ते सुटतं आणि तुरटी त्या स्वतःच्याच पाण्यात विरघळते. डोळ्यांना दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

म्हणजे 'पातळ झालं' एवढं दिसणं पुरेसं नाही. ते का पातळ झालं, आणि त्यानंतर काय झालं, हेही बघावं लागतं. सुरक्षेचा सगळा प्रश्न इथेच सुरू होतो.

लॅबमध्ये हा आकडा कसा काढतात?

बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेल्यांना ही पद्धत माहीत असेल. काचेची केसासारखी बारीक नळी घ्यायची, एक टोक बंद करायचं, तळाशी जेमतेम तीन मिलिमीटर पूड दाबून भरायची. नळी थर्मामीटरला बांधून तेलात किंवा लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवायची आणि हळूहळू तापवायचं. अपेक्षित तापमान जवळ आलं की वेग मिनिटाला एक अंशाच्या आसपास ठेवायचा. पूड ओलसर दिसू लागली ते एक तापमान, पूर्ण पारदर्शक झाली ते दुसरं. या दोघांमधलं अंतर कमी असेल तर पदार्थ शुद्ध. भेसळ असेल तर द्रवणांक खाली येतो आणि अंतर वाढतं.

ही पद्धत बेंझॉइक ॲसिडसारख्या सेंद्रिय पदार्थांसाठी छान आहे. ते १२२ अंशांवर वितळतं. पण आपल्याला जायचंय ३३४ पर्यंत. तिथवर पॅराफिन पोचत नाही, त्याआधीच धूर सोडायला लागतं. म्हणून असेंद्रिय क्षारांसाठी बहुतेक वेळा डीएससी नावाचं यंत्र वापरतात. पूर्ण नाव डिफरेन्शियल स्कॅनिंग कॅलरिमीटर. नाव अवघड आहे, कल्पना सोपी आहे.

दोन चिमुकल्या धातूच्या डब्या. एकीत क्षाराचे काही मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीच्याही कितीतरी कमी. दुसरी रिकामी. दोघींना एकाच वेगाने तापवायचं, समजा मिनिटाला १० अंश. आणि दोघींना किती उष्णता लागते, त्यातला फरक मोजत राहायचा.

पदार्थ वितळायला लागला की उष्णता गिळतो, पण त्याचं तापमान वाढत नाही. त्यामुळे आलेखावर एक खड्डा पडतो. खड्डा जिथे सुरू होतो तो द्रवणांक. उलट पदार्थ स्वतःच उष्णता बाहेर टाकायला लागला, तर आलेखावर उंचवटा येतो. खड्डा म्हणजे पदार्थ उष्णता घेतोय, उंचवटा म्हणजे देतोय. सुरक्षेची तपासणी करणाऱ्याचं लक्ष त्या उंचवट्यावर जास्त असतं.

यंत्र खरं बोलतंय की नाही, हे आधी माहीत असलेल्या धातूंनी तपासतात. इंडियम १५६.६ अंशांवर वितळतं, जस्त ४१९.५ वर. हे दोन्ही जागेवर आले, तर मधला ३३४ चा आकडा विश्वासाने घेता येतो. या सगळ्या पद्धतींची आंतरराष्ट्रीय नियमावलीही आहे : ओईसीडीची चाचणी क्रमांक १०२, पहिल्यांदा १९८१ मध्ये आली आणि १९९५ मध्ये सुधारली.

पहिला खड्डा फसवा असतो

आता आपलं १३-०-४५ त्या डबीत टाकू. १३ टक्के नायट्रोजन, शून्य स्फुरद, ४५ टक्के पालाश. म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट, आपल्या जुन्या भाषेत सोरा.

साधारण १३० अंशांना आलेखावर एक खड्डा पडतो. नवखा माणूस लगेच लिहील, "द्रवणांक १३०". पण डबी उघडून बघा, आत पूड तशीच कोरडी. झालंय काय, तर आतल्या कणांनी आपली मांडणी बदलली. सतरंजीवर पंगतीत बसलेली माणसं उठून गोलात बसावीत तसं. घन तो घनच. खरं वितळणं ३३४ ला.

अमोनियम नायट्रेटमध्ये तर अशा मांडण्या बदलण्याचे टप्पे ३२, ८४ आणि १२५ अंशांच्या आसपास येतात, आणि मग साधारण १७० अंशांना ते वितळतं. त्यातला ३२ चा टप्पा आपल्याकडे महत्त्वाचा. आपल्याकडे दिवसा पारा ३२ च्या वर आणि रात्री खाली, असं महिनोन्‌महिने चालतं. प्रत्येक वेळी दाण्यांचा आकार किंचित बदलतो. दाणे तडकतात, भुकटी होते, ओलावा लागला की गोळे बनतात. गोणी कुणी हलवलीही नसेल, तरी आतला माल पहिल्यासारखा राहत नाही.

वितळल्यानंतर काय होतं, ते बघा

दोन क्षार शेजारी ठेवून पाहू.

पोटॅशियम नायट्रेट ३३४ ला वितळतं आणि ४०० च्या पुढे तुटायला लागतं. तुटताना त्याचं पोटॅशियम नायट्राइट होतं आणि ऑक्सिजन सुटतो. या तुटण्यासाठी त्याला बाहेरून उष्णता घ्यावी लागते. म्हणजे आग काढून घेतली की प्रकरण थांबतं.

अमोनियम नायट्रेट १७० च्या आसपास वितळतं आणि २१० च्या पुढे तुटण्याचा वेग धोकादायक होऊ लागतो. मधलं अंतर फक्त चाळीसेक अंशांचं. शिवाय बंद जागेत तुटताना ते स्वतःच उष्णता बाहेर टाकतं. त्या उष्णतेने उरलेलं आणखी वेगाने तुटतं. कोंडलेलं असेल, त्यात तेल किंवा कचरा मिसळला असेल, तर पुढे स्फोट.

४ ऑगस्ट २०२० ला लेबनॉनमधल्या बैरूत बंदरात हेच झालं. सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट गोदामात वर्षानुवर्षं पडून होतं, आग तिथवर पोचली आणि २०० हून जास्त माणसं गेली. मोबाईलवर सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय. त्याआधी १९४७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरातही अमोनियम नायट्रेटच्या जहाजाला आग लागून असाच भीषण स्फोट झाला होता. आपल्याकडे २०१२ पासून अमोनियम नायट्रेटसाठी वेगळे नियम आहेत. ४५ टक्क्यांपेक्षा जास्त अमोनियम नायट्रेट असलेला माल ठेवायला लायसन्स लागतं, आणि हे बघणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे.

लॅबमधली एक बारीक गोष्टही इथे सांगायला हवी. हेच अमोनियम नायट्रेट उघड्या डबीत तापवलं, तर ते वायू होऊन उडून जातं, उष्णता घेतं, आणि आलेखावर शांत खड्डा दिसतो. तोच नमुना दाब सहन करणाऱ्या बंद डबीत ठेवला की उंचवटा दिसतो. पदार्थ तोच, यंत्र तेच, फक्त झाकण बदललं. म्हणून सुरक्षेसाठी चाचणी करणारे फक्त आकडा विचारत नाहीत. डबी उघडी होती की बंद, तेही विचारतात.

एक नाव, तीन पदार्थ

आता कॅल्शियम नायट्रेट सर्च करा. एका ठिकाणी द्रवणांक ५६१ अंश दिसेल, दुसऱ्या ठिकाणी ४३ च्या आसपास. खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. ५६१ चा आकडा पूर्ण कोरड्या कॅल्शियम नायट्रेटचा. ४३ चा आकडा स्फटिकात पाण्याचे चार रेणू बांधलेल्या कॅल्शियम नायट्रेटचा. तेच तुरटीवालं गणित. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते गोणीतच पाणी पाणी होऊ शकतं. आणि ठिबकसाठी दाणेदार मिळणारं कॅल्शियम नायट्रेट बहुतेक वेळा तिसरंच असतं : त्यात थोडं अमोनियम नायट्रेटही स्फटिकात बांधलेलं असतं.

मग आपली गोणी नेमकी कुठली? यासाठी कॅस नंबर बघायचा. प्रत्येक रसायनाला मिळालेला तो जणू आधार नंबर.

- पोटॅशियम नायट्रेट : ७७५७-७९-१
- कॅल्शियम नायट्रेट, कोरडं : १०१२४-३७-५
- कॅल्शियम नायट्रेट, चार पाण्याचं : १३४७७-३४-४
- कॅल्शियम-अमोनियम दुहेरी नायट्रेट : १५२४५-१२-२
- अमोनियम नायट्रेट : ६४८४-५२-२

गंमत म्हणजे हा नंबर टाइप करताना चुकला का, हे स्वतःच तपासता येतं. शेवटचा अंक तपासणीचा असतो. ७७५७-७९-१ घ्या. शेवटचा १ बाजूला ठेवा. उरलेले अंक उजवीकडून डावीकडे ९, ७, ७, ५, ७, ७. त्यांना क्रमाने १, २, ३, ४, ५, ६ ने गुणा : ९ + १४ + २१ + २० + ३५ + ४२ = १४१. बेरजेचा शेवटचा अंक १. जुळलं! नाही जुळलं तर कुठेतरी अंक चुकलाय, दुसऱ्याच रसायनाचा आकडा घेऊन बसू नका.

३३४ हा आकडा जे सांगत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेड काही ३३४ अंशांपर्यंत तापणार नाही. ४५ झालं, ५० झालं, तरी उन्हाने १३-०-४५ वितळणार नाही आणि आपोआप पेटणारही नाही. चुलतभाऊ इथपर्यंत बरोबर.

पण पोटॅशियम नायट्रेट स्वतः जळणारा पदार्थ नाहीच. तो दुसऱ्याला जाळायला मदत करणारा पदार्थ आहे, म्हणजे ऑक्सिडायझर. गोणीवर किंवा कागदपत्रावर वर्तुळावर ज्वाळा असलेलं चिन्ह दिसतं ना, ते याच गोष्टीचं. आणि हा गुण द्रवणांकावरून ओळखताच येत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी असते : क्षार सेल्युलोजच्या भुकटीत मिसळतात, पेटवतात आणि मिश्रण किती झपाट्याने जळतं ते ठरलेल्या नमुन्याशी ताडून बघतात.

थोडा हिशोब करू. पोटॅशियम नायट्रेट पूर्ण तुटलं तर वजनाच्या जवळपास १६ टक्के ऑक्सिजन सुटतो. २५ किलोची गोणी असेल तर सुमारे ४ किलो. एवढा ऑक्सिजन हवेतून घ्यायचा म्हटलं तर आठ फूट लांब, आठ फूट रुंद, आठ फूट उंच खोलीतली सगळी हवा लागेल. म्हणजे एकेका गोणीत खोलीभर हवेचा ऑक्सिजन भरलेला आहे आणि शेजारी डिझेल अन् कडबा. उन्हाने काही होणार नाही. पण वेल्डिंगची ठिणगी, बिडीचं थोटूक किंवा वायरिंगचं शॉर्टसर्किट कडब्याला लागलं, तर ज्वाळा ३३४ चा आकडा सहज ओलांडते. मग साधी आग साधी राहत नाही.

आणखी एक. ३३४ हा शुद्ध क्षाराचा आकडा. दोन क्षार मिसळले की द्रवणांक खाली येतो. सोडियम नायट्रेट ३०८ च्या आसपास वितळतं, पोटॅशियम नायट्रेट ३३४ ला, पण दोघांचं योग्य मिश्रण सुमारे २२० अंशांनाच. सौरऊर्जेच्या काही प्रकल्पांत उष्णता साठवायला हाच गुण वापरतात. पण शेडमध्ये फुटलेल्या गोण्यांची सांडलेली खतं एकत्र झाडून ठेवली असतील, तर त्या ढिगाऱ्याचा द्रवणांक कुठल्याही सर्चमध्ये सापडणार नाही.

मोबाईलवर तीन मिनिटांत काय तपासायचं?

सर्चमध्ये वर दिसणाऱ्या आकड्यावर थांबू नका. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मालाची सेफ्टी डेटा शीट मिळते, पीडीएफ असते. नाही मिळाली तर दुकानदाराकडे मागा. तिचे १६ ठरलेले भाग असतात. आपल्याला हे पुरेत :

- भाग २ : धोक्याची चिन्हं. वर्तुळावर ज्वाळा आहे का?
- भाग ३ : कॅस नंबर. आपल्या गोणीशी जुळतो का?
- भाग ५ : आग लागली तर काय वापरायचं, काय नाही.
- भाग ७ : कशाजवळ ठेवायचं नाही.
- भाग ९ : द्रवणांक. शेजारी 'विघटन' असं काही लिहिलंय का, ते मुद्दाम बघा.
- भाग १० : कोणत्या तापमानाला तुटतो, कशाशी जमत नाही.

भाग ९ मधला आकडा वाचला की लगेच भाग १० उघडायचा. हे दोन आकडे जोडीने वाचायची सवय लावा. दोघांमधलं अंतर मोठं आणि तुटताना उष्णता घेणारा, तर पदार्थ तुलनेने शांत. अंतर छोटं आणि उष्णता देणारा, तर सावध.

हीच सवय तुमच्या हातातल्या फोनलाही लागू पडते. बहुतेक फोनच्या बॅटरीत लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट नावाचा क्षार असतो. त्याचा द्रवणांक २०० च्या आसपास लिहिलेला दिसतो. पण कोरडा क्षारसुद्धा १०० च्या थोडं पुढे गेला की तुटू लागतो. ओलावा मिळाला तर बरंच आधी, आणि विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. म्हणून फुगलेली बॅटरी टोचून बघायची नाही आणि फोन गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवायचा नाही.

शेडमध्ये आज काय कराल?

नायट्रेटच्या गोण्या वेगळ्या करा. लाकडी फळीवर नको, विटांवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर, ओल लागणार नाही अशा ठेवा. डिझेल, कडबा, भुसा, गंधक आणि कीटकनाशकं दुसरीकडे हलवा. सांडलेलं खत लगेच उचला, पण परत गोणीत भरू नका आणि लाकडाच्या भुशाने तर अजिबात झाडू नका. वेल्डिंग शेडच्या बाहेर.

आग लागलीच आणि ती गोण्यांपर्यंत पोचली असेल, तर वाळू किंवा गोधडी टाकून ती गुदमरणार नाही, कारण ऑक्सिजन गोणीतूनच येतोय. तपकिरी धूर दिसला तर तो श्वासात घेऊ नका. वाऱ्याच्या उलट्या बाजूला लांब जा, १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि आत नायट्रेट आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. अग्निशमन दलाला त्या एका शब्दाने पुढचं सगळं ठरवता येतं.

आणि हो, हे वाचून घरच्या गॅसवर खत वितळवून बघायची हुक्की आली असेल, तर ती दाबा. लॅबमध्ये हे काम काही मिलिग्रॅमवर करतात, त्यामागे कारण आहे. वितळणं बघायचंच असेल तर आजीला तुरटीची लाही करायला सांगा आणि शेजारी बसून नीट बघा : पातळ कधी झाली, बुडबुडे कधी आले, शेवटी उरलं काय.

मग शेडमधल्या प्रश्नाला खरं उत्तर काय? "काका, उन्हाने नाही पेटणार. पण तो डिझेलचा कॅन आणि कडबा आजच तिथून हलवा."